मेध

बाला नावाच्या गावी मी औषधं मोजून देते.
हो, बालाच. वेल्समध्ये, तळ्याकाठी.
पत्ता वाचून आईला अजून वाटतं, मुलींची शाळा असेल.

सोमवारी एलुनेद पेन्री येते, वय ब्याऐंशी,
रक्तदाबाच्या गोळ्या नेते
आणि बदल्यात मधाची बरणी ठेवते, झाकण चिकट.
ह्या खेपेला बरणी नव्हती. बाटली.
"मेध," म्हणाली. घरी आंबवलेलं.

मेद? मी म्हटलं.
नाही गं. जीभ दातांत धर, हळूच, चोरी केल्यासारखी.
आणि तुझ्याकडे मेद म्हणजे काय?
मी पोटाची वळी चिमटीत धरून दाखवली.
हसताना तिला काउंटरचा आधार घ्यावा लागला.

मग सांगत बसली:
मेध म्हणजे मधाची दारू.
मेध म्हणजे त्याच्या ताब्यात आहे, तो धनी आहे.
समुद्रापल्याड एका राणीचं नावच ह्या मुळाचं.
कुणी म्हणतं झिंगवणारी, कुणी म्हणतं राज्य करणारी,
पंडितांचं भांडण मिटलेलं नाही.
तिच्या हातचा पेला जो पिईल, तो राजा.

"आणि उतरल्यावर?"
"उतरल्यावर पुढचा राजा."

मला अश्वमेध आठवला, मोकळा सोडलेला घोडा,
पण रांगेत तिघं खोकत उभे होते.

माझे वडील अबकारी खात्यात, गोंदियाकडे.
मोहाच्या भट्ट्या फोडून आले
की शर्ट आई अंगणाबाहेर भिजवायची.
मोह हा शब्दही मधातूनच गळालेला,
हे छापा घालणाऱ्याला कोण सांगणार?
थेंबाला शिवले नाहीत जन्मात.
मात्र शिपायानं टाच आपटली
की मान अशी काही ताठ व्हायची.
आई पोळी लाटता लाटता म्हणायची,
"चढलीय. आज लवकर चढलीय."
मद. तिला एक शब्द पुरला,
कोश घरात नव्हता.

एलुनेदच्या गोळ्यांवर मीच चिकटवलं:
मद्यासोबत घेऊ नये.
तिनं चष्मा वर करून वाचलं, घडी घातली, पर्समध्ये टाकली.

बाटली खोकल्याच्या औषधांमागे आहे.
साडेपाचला शटर ओढून
गल्ल्यातली नाणी मोजते.
नाण्यांवर राजाचं तोंड, एका बाजूला वळलेलं.
जीभ दातांत धरते.
ध येत नाही.
नुसती हवा.