मागचं बाक

लॅपटॉप डाळिंबाच्या गाळ्यावरून आला,
कीबोर्डच्या फटीत अजून खोक्यातल्या कागदाचा भुगा.
एक जीबी रॅम, बिजागरी एका बाजूनं सुटलेली.
विंडोज त्याला पेलवत नव्हतं,
म्हणून मी हलकं लिनक्स घातलं,
पेन ड्राइव्हवरून उठणारं,
एका पिशवीनिशी येणाऱ्या पाहुण्यासारखं.

उठलं. घड्याळ आलं, आवाज आला,
कोपऱ्यातली बॅटरीसुद्धा खरं बोलली.
वायफाय नाही.

कार्ड आहे, यादीत दिसतं.
बटणाची बत्ती निळी होते, नारिंगी होते, पुन्हा निळी.
चार नेटवर्कं दिसतात
आणि मोजेपर्यंत नाहीशी होतात.

रात्री उशिरापर्यंत लॉग वाचला.
कार्ड एक, ड्रायव्हर दोन.
पहिला कंपनीचा, झाळून बंद केलेल्या डब्यातला.
दुसरा लोकांनी मिळून लिहिलेला,
कंपनीनं एक कागद दिला नसताना,
अंधारात खिळा चाचपावा तसा.
दोघंही म्हणतात, हे माझं.

अण्णा आत आले. आटपाडी डेपो, बत्तीस वर्षं खाकी.
"काय अडलंय?"
"ड्रायव्हर. दोन आहेत."
अण्णांनी स्टूल ओढलं. आता विषय त्यांचा होता.

"रातराणीला असायचेच की दोन.
साताऱ्यापर्यंत मी, पुढं दादू ऐवळे.
उतरला त्यानं मागच्या बाकावर जायचं,
तोंडावर टॉवेल टाकून झोपायचं.
दादूला झोप यायची नाही.
दर वळणाला हवेत ब्रेक दाबत बसायचा.
पॅसेंजरला कळायचं नाही,
मला स्टेअरिंगमधनं कळायचं."

मी दोघांनाही खाली उतरवलं,
मग एकालाच हाक मारली.
बत्ती निळी. निळीच राहिली.

"झालं की."
"नाही अण्णा, बंद करून चालू केलं की दोघं परत येणार.
एकाला काळ्या यादीत टाकावं लागतं."

गुडघा चोळणारा त्यांचा हात थांबला.
संपाच्या साली डेपोच्या फळ्यावर कागद लागला होता,
अकरावं नाव त्यांचं. दादूचं नव्हतं.
मी सातवीत होतो.
सात महिने ते दुसऱ्याच्या टेंपोवर गेले
आणि घरी कुणी काही विचारलं नाही.

"काय केलं त्यानं?"
"कुणी?"
"ज्याचं नाव टाकतोयस, त्यानं."
"काही नाही. दुसऱ्या मशीनवर तोच चालवतो.
इथं दोघं एकदम उठतात, एवढंच."
"मग काळी कशाला म्हणायची?"

फाइलचं नाव आपल्या मर्जीनं ठेवता येतं.
आतली ओळ मात्र त्याच शब्दानं सुरू करावी लागते,
नाहीतर मशीन ऐकत नाही.
मी फाइलला नाव दिलं, मागचं बाक.
आणि वर एक ओळ टाकली,
जी मशीन सोडून देतं, माणसंच वाचतात:
हा चांगला आहे. झोपू द्या.

मग सेव्ह केलं, कारण हे पाहुणं
सांगितल्याशिवाय काहीच लक्षात ठेवत नाही.
बंद. चालू. निळी.
शनिवारी निंबवड्याची सुरय्या मुलाणी येऊन घेऊन जाईल,
पशुवैद्यकाच्या डिप्लोम्याला.
तिला शेळ्यांचे रोग दिसावेत,
यातलं काही दिसू नये.

अण्णा दारात थांबले.
"झोपवला कुठला? कंपनीचा का लोकांचा?"

"लोकांचा."

अण्णांनी चपला पायात सरकवल्या,
उजवी पटकन,
डावी मात्र
क्लच सोडावा तितक्या सावकाश.