चौथा कप्पा

रात्री सव्वादोनला लिमासोलचा समुद्र
फ्रिजच्या मोटारीएवढाच आवाज करतो.
मी आणि लोइझोस. त्याची कॉफी, माझी नोंदवही.
पलीकडे बावीस अंशांवर प्लेटलेट्स हेलकावतात,
पाळणाच, फक्त इथे निजू द्यायचं नसतं.

रक्ताचं नातं म्हणतात,
त्यावर इथे तारीख छापलेली असते:
पस्तीस दिवस, चार अंश, नंतर पिवळी पिशवी.

चौथ्या कप्प्यात ओ निगेटिव्ह, दोनच.
बाकी सगळं रिकामं; ऑगस्ट, दाते पोहायला गेलेत.
दोन्हींना रबर लावून चिठ्ठी खोचलेली: यासेमी, गुरुवार.

एकवीस वर्षं ओळखते मी तिला,
तोंड पाहिलेलं नाही.
दर पंधरवड्याला तिची नळी येते, फिकी.
तिच्या अंगानं एकेक परका लक्षात ठेवलाय:
केल नको, किड नको,
आणि मागल्या उन्हाळ्यापासून अजून एक कोणी नको
ज्याचं नाव हुडकायला आम्हाला तीन आठवडे लागले.
व्याह्यांचे मानपान सांभाळावेत तसं निवडते मी.
जेल-कार्डाच्या अरुंद घशात
पेशी तळाला बसल्या की जुळलं,
वर अडकल्या की दुसरी पिशवी.

फोन.
त्रूडोसच्या वळणावर पिकअप उलटलाय,
पोटात रक्तस्राव, गट माहीत नाही.
"ओ निगेटिव्ह, चार, आत्ता!"
ओरडताना डॉक्टरीणबाईंचा गावाकडचा हेल वर येतो.
"वय?"
"सत्तरीचा म्हातारा."
लोइझोस माझ्याकडे बघतो, मी चौथ्या कप्प्याकडे.
"पॉझिटिव्ह पाठवते. पुरुष आहे, वय झालंय. चालेल."
पलीकडे एक श्वास, एक शिवी, मग "पाठवा".

चार पिशव्या. नंबर मी मोठ्यानं, तोही मोठ्यानं.
प्लाझ्मा कोमट पाण्यात घातला;
तो कुणाच्या घाईला भीक घालत नाही.
पेटी उचलून लोइझोस धावला,
एक चप्पल दारातच राहिली.

मग मी, आणि तो शब्द: चालेल.
भाजीवालीशी बोलताना वापरतो आपण तो.
वहीत माझ्याच अक्षरात.

पावणेचारला म्हाताऱ्याची नळी आली.
ए पॉझिटिव्ह.
मी खाली बसले. लोइझोस चप्पल शोधत होता.

सातला यासेमीच्या पिशव्या वर गेल्या.
नर्स म्हणाली, ती विचारतेय, या खेपेला कुणाचं?
जुळणाऱ्याचं, म्हटलं.

आणि निकोसियाला फोन लावला:
ओ निगेटिव्ह. केल नको, किड नको, तो तिसरा नको.
दोन.
हो, थांबते मी.