सुरम्याचा चुलतभाऊ

टालिनला डिसेंबरात
सूर्य दुपारी सव्वातीनलाच दुकान आवरतो.
मग मारेट खोलीतला सूर्य लावते,
झेनॉनचा, वीजबिलात नोंद असलेला.

त्याच्यासमोर पाण्यात उभी
नखाएवढी काच.
काचेवर सोनं, सोन्यावर अँटिमनी सेलेनाइड,
म्हणजे सुरम्याचाच चुलतभाऊ,
केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतका पातळ.
काम एवढंच: उजेड प्यायचा,
इलेक्ट्रॉन पाण्याच्या हाती द्यायचे
आणि स्वतः विरघळायचं नाही.

तिसऱ्या अटीवर सगळे अडतात.

सहाव्या तासाला आलेख गुडघ्यात वाकला.
वहीत लिहिलं: नमुना ४१, मेला.
मग 'मेला' खोडून 'थांबला'.
सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं,
वरच्या टायटॅनियम ऑक्साइडच्या लेपात
एकच भोक,
आणि पाणी आत, कुणाला न विचारता.

पंप दुरुस्त करणारा हेल्दुर
हीउमा बेटावर होड्यांना डांबर लावत वाढलेला.
म्हणाला, जाड थर तडकतो गं.
पातळ दे. थांब. वाळू दे. वर पुन्हा पातळ.
भोकावर नेमकं भोक यायला
नशीब फारच फुटकं लागतं.

तिने तसंच केलं.
अहवालात मात्र डांबर आलं नाही.

नमुना ४८.
बुडबुडे आले आणि काचेलाच चिकटून बसले,
जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यांसारखे,
उजेड अडवून.
काच जराशी कलती केली,
तेव्हा कुठे एकेक निघाला.

सहा तास. अकरा.
आलेख सपाट. पाहण्यासारखं काही नाही,
म्हणून ती पाहत राहिली.
चौदा. कॉफीवर साय धरलेली.
एकोणिसाव्या तासाला रेघ
सरळ तळाला गेली.

ती वही उघडून 'मे' लिहिते तोवर
लक्षात आलं, अक्षर दिसत नाहीये.

हेल्दुर आला बुटांवरचा बर्फ झटकत.
टिकलं?
टिकलं. दिवा गेला.

खोकल्याच्या औषधाचे चार चमचे भरतील
एवढा हायड्रोजन नळीत जमलेला.
मोजला. नियमाप्रमाणे धुराड्यात सोडला.
नऊ वाजत आले होते,
बाहेरचा सूर्य अजून यायचा होता.