खिडकीची गाय

तिच्या डाव्या कुशीला बशीएवढं भोक होतं
आणि त्यात काळं रबरी बूच.
नोंदवहीत ती चारशे सतरा,
आम्हा पोरांत खिडकी.

शिवाजीनगरच्या सिग्नलला बस हॉर्न देत अडकायच्या,
भिंतीच्या अलीकडे ती रवंथ करत उभी.
आपल्या पोटात कोण डोकावून जातंय
याची तिला फारशी चौकशी नव्हती.

मी दापोडीची. बाबा खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात.
गाय मला माहीत ती देवळाबाहेरची,
शेजारी बाई आणि दहा रुपयांची घासाची पेंढी.
मेडिकल थोडक्यात गेलं तेव्हा मावशी म्हणाली,
"म्हणजे आता गुरांची डॉक्टर?"
तेही नाही, हे सांगायला दोन वर्षं लागली मला.
गुरं आजारी पडायच्या आधी काय खातात
आणि त्यातलं किती त्यांचं होतं, ते शिकते मी.
मावशीनं चहात साखर जरा जास्तच घातली.

पहिल्या दिवशी येसूमामांनी बूच काढलं.
वाफ आली.
बिरुदेव सरगर, ज्याच्या घरी दोनशे मेंढरं,
ज्याला लांडग्याच्या पावलावरून त्याचं वय सांगता यायचं,
तोच एक पाऊल मागं सरला.
"असं उघडं बघायचं नसतं," म्हणाला.
यास्मिन मणेर बाही दुमडून पुढं झाली.

मग मी.
कोपरापर्यंत.
आत एकोणचाळीस अंश, भिजलेला कडबा,
आणि सगळं सावकाश फिरतंय,
शेजारच्या घरात कुणी कणीक मळावी तसं.
मिनिटाभरानं ती भिंत मनगटावर मिटली
आणि सोडून दिलं तिनं.
घाबरून मी सरांकडे पाहिलं.
सर घड्याळाकडे पाहत होते.

नायलॉनच्या पिशव्या शिवल्या आम्ही, तळहाताएवढ्या.
एकीत लसूणघास, एकीत उसाचं वाढं, एकीत सरकीची पेंड,
वजन करून आत सोडल्या, दोरीला बांधून.
अठ्ठेचाळीस तासांनी ओढून काढल्या, धुतल्या, वाळवल्या.
जे कमी भरलं ते तिनं घेतलेलं.
माझा सगळा प्रबंध हा असा,
जे उरलं नाही त्याचं वजन.

वास जात नसे. साबण, लिंबू, चिंच, काही नाही.
बसमध्ये शेजारची बाई उठून उभी राहायची,
मला खिडकीची जागा मिळायची.
घरी बाबांच्या हाताला त्यांचा वास, पस्तीस वर्षांचा.
आई डोळे मिटून सांगायची कोण आलं ते,
आणि दोघांनाही आधी मोरीत पाठवायची.

आता यास्मिन तळेगावकडे अंडी उबवणी केंद्रात,
एका सकाळी हजारो पिल्लं, नर इकडे, माद्या तिकडे;
इकडची कुठं जातात ते ती फोनवर सांगत नाही.
उद्धव खुरसाळे बँकेत, म्हशीच्या कर्जासाठी
म्हशीचा कान तपासतो, बिल्ला आहे का बघायला.
तेजल सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत, चौथा प्रयत्न,
खुर्चीला स्वतःची उशी बांधलेली.
बिरुदेव कुणाला सापडत नाही.
कुणी म्हणतं लोकर संशोधनात आहे, कुणी म्हणतं मेंढरांमागं.
मला दोन्ही एकच वाटतं. त्याला नसतं वाटलं.

मुलाखतीत मला विचारलं, अनुभव काय?
मी प्रबंधाचं नाव सांगितलं, नीट, पूर्ण.
खरं उत्तर कोपरापर्यंत होतं.

हडपसरला पशुखाद्याच्या गोण्यांवर
प्रथिनांचा आकडा छापतात, त्याखाली माझी सही असते.
परवा येसूमामांना फोन केला.
म्हणाले, बूच बदललं गं, जुनं चिरलं होतं.
नवी पोरं आलीत, एक जण चक्कर येऊन पडला.
आणि ती?
ती काय, म्हणाले, खातीये.