मालदांडी

रविवारच्या शाळेत भिंतीवर एक तक्ता होता.
चार चौकोन, चार ऋतू.
एकात बर्फ, एकात लालभडक पानांचं झाड,
एकात लोकरी टोपी घातलेली गोरी मुलगी.
छत्तीस वर्षं मी त्यावर छडी टेकवून शिकवलं:
मुलांनो, माणसाचं आयुष्यही असंच,
कोंब, बहर, उतार, आणि मग सगळं पांढरं.
पुढच्या बाकावरच्या हन्नाने विचारलं होतं,
"बाई, ह्यात आपला मे कुठंय?"
मी म्हटलं, गप्प बस.

शांतवन मेमध्येच गेले.
टॉवेलच्या कारखान्यात ताणा ओढत आलेला माणूस
शेवटी पिंजलेल्या कापसाएवढा उरला होता.
त्रेचाळीस डिग्री.
दफनभूमीतली काळी माती पहारीलाही दाद देईना.
खणणाऱ्याचं नाव लाजरस.
त्या दिवशी त्याचं कुणाला हसू आलं नाही.
घाम निपटत तो म्हणाला,
"वरून दगड झालीय मावशी, पण भेगेत हात घालून बघा."
घातला. कोपरापर्यंत गेला.
आत गार होतं.

ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते,
सासरे सांगायचे:
उन्हानं फाटते, वरची माती भेगांत घरंगळते,
पाणी पडलं की फुगून खालची वर येते.
औत नाही, बैल नाही.
मी ते ऐकून घेतलं होतं,
नवी सून ऐकते तसं, चुलीकडे लक्ष ठेवून.

आणि चर्चच्या आवारातला लिंब.
त्याने तो तक्ता कधी पाहिला नाही.
उपवासकाळात एका फांदीवरून पानं सोडतो,
शेजारच्याच फांदीवर तांबूस पालवी.
गुड फ्रायडेला, तीन तासांच्या उपासनेआधी,
मी आवार झाडायचे पाठ मोडेस्तोवर.
रविवारी पहाटे कबरींवर मेणबत्त्या लावून परतावं
तर तेच आवार बारीक पांढऱ्या फुलांनी भरलेलं.
पुन्हा खराटा.
मरणं आणि उठणं यांच्यामध्ये
आमच्याकडे अख्खा हिवाळा नसतो,
एक शनिवार असतो फक्त.

त्या शनिवारात मी दोन वर्षं राहिले.
पाळकसाहेब यायचे, चहा घ्यायचे,
प्रभूची योजना, म्हणायचे.
मी कपबशा जरा जोरातच विसळायचे.
प्रार्थनेला बसले की
शब्दांऐवजी पंख्याची घरघर ऐकू यायची.

मग एका ऑक्टोबरात पुतण्या नथनाएल
बोरामणीच्या रानात घेऊन गेला. पाभर चालली होती.
आभाळ कोरडं ठणठणीत.
"आत्ता पेरतोस? पाऊस तर संपला."
"मालदांडी आहे, काकी. हिला वरचं पाणी लागत नाही.
जे पडून मुरलंय त्यावर निघते.
वर थोडं दंव."

जे पडून मुरलंय.
मी बांधावर बसले, चप्पल काढून.
आईचा हात, तापात कपाळावर ठेवलेला.
आठच दिवस राहिलेलं आमचं लेकरू,
घाईघाईत, नळाच्या पाण्यानं, इस्पितळात बाप्तिस्मा दिलेलं.
त्याचं नाव आम्ही दोघांनी
पुन्हा कधी मोठ्यानं घेतलं नाही.
शांतवनची जेवणाआधीची प्रार्थना,
भाकरी निवेपर्यंत चालणारी,
ज्यात गिरणीतल्या प्रत्येकाचं नाव यायचं,
पगार कापणाऱ्या मुकादमाचंसुद्धा.
मी मनात म्हणायचे, आटपा.
सगळं खाली गेलेलं. कुठं गेलं, मी कधी विचारलं नव्हतं.
प्रभू, हे तू साठवत होतास
आणि मी आभाळाकडे बघत बसले होते.

जानेवारीत आगटी पेटली.
कणसं भाजून तळहातावर चोळली, फुंकर मारली,
हिरवे दाणे, वाफ, चटका.
पोरांनी हात पुढे केले तशी मी म्हटलं, थांबा,
आणि डोळे मिटले.
एकेक नाव येत गेलं. लाजरसचं आलं.
हन्नाचं आलं, कुठं असेल ती.
लेकराचं आलं, मोठ्यानं.
रानात वाऱ्यानं कडबा सळसळत होता.

"काकी," नथनाएलची धाकटी कुजबुजली,
"हुरडा गार होतोय."