पोहोच

पहिल्यांदा अण्णा म्हणाले, मोबाइल काय मत टाकतो का बे?
मत म्हणजे कसं, दारात चप्पल काढून मागायचं,
चहा नको म्हणायचं आणि अर्धा तरी प्यायचा,
म्हातारीचा हात हातात घेऊन गुडघ्याचं विचारायचं.
मी तेव्हा नव्या पेठेत फ्लेक्सच्या दुकानात बसायचो,
अण्णांच्या गालावरची चामखीळ
आठ बाय दहामधून पुसून द्यायचो.
त्याचे वेगळे पैसे नव्हते.

मग ते पडले. दोनशे अकरा मतांनी.
पाडणारा पोरगा कुणाच्या दारात गेलाच नव्हता,
नुसता कोरड्या नळापुढं उभा राहून बोलला,
एक मिनिट वीस सेकंद,
आणि शेवटी घागर उपडी धरली.
ते घागर उपडी धरणं
अण्णांनी चाळीसेक वेळा पाहिलं, आवाज बंद करून.
दुसऱ्या दिवशी दुकानात आले. म्हणाले, चल.

ऑफिस अशोक चौकामागं, खाली टॉवेलचं गोदाम,
जिन्यात खळीचा वास,
एक पंखा, दोन चार्जर.
सुरुवातीला अण्णा मोबाइल धरायचे
जसं दुसऱ्याचं पोर धरावं,
अंगापासून लांब, ओलं करील म्हणून.
वर्षभरात सरावले.
एप्रिलमध्ये पाणपोईचं उद्घाटन तीनदा केलं,
पहिल्या दोनदा ऊन तोंडावर येत होतं.
तहानलेला एक हमाल ग्लास धरून उभा,
अण्णा त्याला म्हणत होते,
थांब की लका, अजून नको पिऊस.

रात्री विचारायचे, पोहोच किती?
रीचला हा शब्द मीच दिला होता.
त्यांना आवडला,
तरुणपणी गणपतीच्या वर्गणीची पोहोच फाडायचे म्हणे.
नऊ हजार, मी सांगायचो.
त्यातले आपल्या वॉर्डातले?
मग मी गावांची यादी उघडायचो.
भिवंडी. सुरत. भिवंडीच. हडपसर.
माग बंद पडले तसे गेलेले सगळे,
गल्ली दिसली की अंगठा दाबतात.
अण्णांकडे बघतच नाहीत ते,
मागची भिंत बघतात, कुणाचं दार, कुणाचा ओटा,
अण्णा फक्त मध्ये येतात.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
पगार दहा तारखेला असतो.

पाणपोईच्या फोटोखाली लिहून आलं:
नळाला कधी येनार. आज पाचवा दिवस.
नाव, नरसम्मा म्याकल.
अण्णा म्हणाले, विरोधकाचं काम आहे, उडव.
मी म्हणालो, विड्या वळते ती, आमच्याच बोळात राहते.
म्हणाले, मग तर उडवच.
उडवलं. काही लागत नाही त्याला.
चामखिळीपेक्षा सोपं.

त्याच रात्री पावणेतीनला पाणी आलं.
बोळ जागा झाला, मोटारी लागल्या,
ज्याची मोटार त्याचं पाणी,
उरलेल्यांच्या नळाला नुसता खोकला.
नरसम्मा घागर लावून बसलेली,
बोटं तंबाखूनं पिवळी,
मांडीवर मोबाइल.
पोरा, तुला कळतं ना यातलं, बघ जरा.
अर्धा तास लागला होता मला,
एकेक अक्षर हुडकून लिहिलं,
तेलुगूत लिहिलं तर अण्णाला कळायचं नाही
म्हणून मराठीत लिहिलं.
आता दिसंना झालंय.
माझंच बोट कुठं चुकून लागलं का काय?

मी मोबाइल घेतला. बराच वेळ घेतला.
फोटोत अण्णा ग्लास पुढं करून हसत होते,
गाल एकदम स्वच्छ.
म्हटलं, नेटवर्क नाही आत्ता.
बरं, ती म्हणाली, उद्या परत लिहिते.
आणि घागर जराशी तिरकी केली,
धार बारीक झाली होती.