पहिले पंचवीस हजार

तुर्भ्याच्या मसाला बाजारात गाळा जळाला,
त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो
टेप, कॅमेरा आणि दाव्याचा कोरा फॉर्म घेऊन.
जळक्या मिरचीत उभं राहिलं की सगळेच रडतात.
हंसराज छेडा रडत होते, त्यांचा मुनीम रडत होता,
नळी गुंडाळता गुंडाळता बंबावरचा जवान रडत होता,
आणि ज्याचं यात काहीच गेलं नव्हतं
तो मीसुद्धा.
माझ्या धंद्याची अडचण एवढीच आहे.

सहाशे पोती ब्याडगी, म्हणाले छेडा.
राख पोती मोजू देत नाही.
माथाडी टोळीच्या वहीत तीनशे चाळीस.
उरलेली दोनशे साठ
खोटी असतील,
नाहीतर खरी असतील आणि रात्री आली असतील, सेस चुकवून.
शेठ तोंड उघडेनात.
सरकारला न दिसलेलं पोतं
आता मला कुठल्या तोंडाने दाखवणार?

रखवालदार दौलत वाघमोडे.
"आधी दोघं होतो, साहेब.
पॉलिसी उतरवली आन् म्हादूला काढला.
शेठ म्हनले, आता काळजी नाही."
मी फॉर्मवर लिहिलं: रखवालदार, एक.
काळजी नाही, यासाठी रकाना नाही.

शेठनी काडी ओढली असं मी म्हणत नाही.
कुणीच ओढली नाही.
वायर बदलायची राहिली,
वाळूच्या बादलीत विड्यांची थोटकं साठली,
आणि एक माणूस दोघांच्या वाटणीचं जागू शकला नाही.

म्हणून कंपनी पहिले पंचवीस हजार देत नाही.
लोक मला त्यावरून शिव्या घालतात.
मी सांगतो, तो दंड नाही,
उशीखाली मुद्दाम ठेवलेला खडा आहे,
गाढ झोप लागू नये म्हणून.
पण छेडांची उशी केवढी जाड!
आणि खडा मोठा करावा
तर माणूस विमा घेतो कशाला, झोपेसाठीच ना?
वीस वर्षं झाली, त्या खड्याचं माप मला सापडलेलं नाही.

बाहेर देठ खुडणाऱ्या बायका उभ्या होत्या.
किलोवर पैसे दिले की घाईत देठ राहतात,
रोजावर दिले की गप्पा रंगतात,
हे मुनीमाने मला पूर्वी एकदा समजावलं होतं, थोर शोध लावल्यासारखं.
शेवंता गवारेचा तीन महिन्यांचा रोज त्या राखेत होता.
तिने किती गेलं ते अगदी खरं सांगितलं,
बोटांवर मोजून.
तिच्या खऱ्याला माझ्याकडे फॉर्म नव्हता.

रात्री कोपरखैरण्याच्या घरी
मी माझाच मेडिक्लेमचा कागद पुढ्यात घेतला.
गेल्या चार वर्षांत कुठला आजार?
साखरेचा रिपोर्ट कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली.
तो माझ्याशिवाय कुणी पाहिलेला नाही.
दोनशे साठ पोती आठवली.
मग मी 'नाही'वर खूण केली,
जरा जास्तच ठळक.

"डोळे का लाल?" बायकोने विचारलं.
मिरची, म्हणालो.
पडताळून बघायला
तिच्याकडे तरी काय होतं.